तळ्यावरून उजवीकडे

पूर्णा गावातले आमचे हे शेजारी कुठल्याही प्रश्नाला ‘हाय, म्हंजे न्हाय’ असंच उत्तर देतात. ट्रकवाल्यांना आपल्या गोदामाचा पत्ता सांगताना म्हणतात, ‘तालाब से राइट मारो.’ ट्रकवाले बिचारे तळं शोधत फिरतात. ते तळं ह्यांनीच भराव टाकून बुजवलं आणि त्यावर गोदाम उभं केलं.

परवा माझ्याकडे अर्ज लिहून घ्यायला आले. नव्या विकास आराखड्यावर हरकती मागवल्या होत्या. आपली जमीन बांधकामाला बंदी असलेल्या हिरव्या पट्ट्यातून काढा, असं गावात जो तो लिहीत होता. ह्यांची हरकत भलतीच. जुन्या नकाशातलं निळं तळं नव्या नकाशात नाही, ते परत दाखवा.

‘अहो, पण तळं आहे कुठे?’

‘हाय, म्हंजे न्हाय. तुमी लिवा, मास्तर.’

तळं परत आलं तर तुमचंच गोदाम अडचणीत येईल, हे मी दोनदा समजावलं. ते मान डोलावत राहिले. पश्चात्ताप म्हणावा की काही डाव, मला कळेना. शेवटी विचारलं, ‘तळं बुजवल्याची हरकत कोणाविरुद्ध लिहू?’

त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं, आणि सहीसाठी पेन मागितलं.