आत्याने कापलेले फोन

माझ्या आत्याला फोनवरून फसवणारा अजून जन्माला यायचाय. हे मी नाही, तीच म्हणते, तेही इस्त्री आपटत. त्यामुळे तिच्या दुकानातल्या गिऱ्हाइकांनाही ते पाठ झालंय. ‘मी अमक्या कंपनीतून बोलतोय’ असं कुणी म्हणायचा अवकाश, की ही इस्त्री उभी करून त्याची सालटी काढायला लागते. माणसं कपडे न्यायला आलेली विसरून ऐकत उभी राहतात. मी तर पोट धरून हसायचे.

गेल्या वर्षी तिचं बँकेतल्या कॅशियरशी वाजलं. त्यानं तिची फाटकी नोट घेतली नाही. झालं! बाईसाहेबांनी खात्यातला पैसा न् पैसा काढला आणि समोरच्या बँकेत नेऊन टाकला. कपडे पोचवायला घेतलेल्या स्कूटरचा हप्ता त्याच खात्यातून कापला जायचा, हे मात्र डोक्यातून साफ गेलं. रागात कसलं आठवतंय, आणि आत्या तर कायमच रागात.

पुढे एका मोठ्या दवाखान्याच्या चादरी धुवायचं काम चालून आलं. अट एकच, महिनाअखेर मोठं धुलाई मशीन हवं. आत्यानं दोन बायका कामाला सांगून ठेवल्या, शेजारचा गाळा ठरवला, आणि मला नि माझ्या आईला घेऊन स्कूटरचं कर्ज देणाऱ्या त्याच फायनान्स कंपनीत गेली. आई म्हणजे तिची भावजय. विजेचं बिल असो की फ्रिजचा हप्ता, त्याच दिवशी भरून टाकणारी. त्यावरून आत्या तिला ‘भित्री भागूबाई’ म्हणते.

साहेबांनी कॉम्प्युटरमध्ये पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. “बाई, स्कूटरचे हप्ते थकलेत. तुमच्या क्रेडिट फाइलवर थकबाकीची नोंद झालीय. कुठल्याही बँकेत गेलात तरी ती दिसणार.”

“मी थकबाकीदार? आजवर कुणाचा छदामही बुडवला नाही मी! आणि आधी कळवायला काय दातखीळ बसली होती तुमची?”

“कळवलं होतं. मेसेज केले. पत्र पाठवलं, ते तुम्ही घेतलं नाहीत. फोन केले, त्याचं रेकॉर्डिंग आहे.”

“लावा!” आत्या गरजली.

त्यांनी लावलं. आधी एका मुलीचा मऊ आवाज आला, “मॅडम, तुमचे हप्ते थकलेत. महिनाभरात भरले नाहीत, तर क्रेडिट फाइलवर नोंद होईल.” आणि मग आमची आत्या! “ए भवाने, कुणाला टोपी घालतेस? आग लागो तुझ्या कंपनीला! थांब, पोलिसातच देते तुला!” शिपाई चहाचा ट्रे घेऊन दारातच उभा राहिला. ती पोरगी शेवटी म्हणाली, “धन्यवाद मॅडम, तुमचा दिवस चांगला जावो.”

“आवाज माझाच आहे,” आत्या पुटपुटली. तिनं जागच्या जागी सगळी थकबाकी भरली. “आता पुसा ती नोंद.”

“पुसता येत नाही, बाई. ‘उशिरा भरले’ असं लागेल, पण काही वर्षं राहील. मशीनसाठी तुमच्या एकटीच्या नावावर कर्ज होणार नाही. चांगली फाइल असलेलं कुणी सहकर्जदार आहे का?”

आम्ही सगळ्यांनी आईकडे पाहिलं. तिची फाइल उघडली, तर एक डाग नाही. साहेबांनी कागद पुढे सरकवला. “पण नीट ऐका. यांचा हप्ता चुकला, तर नोंद तुमच्याही फाइलवर होईल.”

आईचं पेन थबकलं. तेवढ्यात आत्यानंच कागद ओढून घेतला. डोळे भरले होते तिचे. “नको वहिनी. खड्ड्यात गेलं ते मशीन. तोंड माझं सुटतं, त्यापायी तुझं नाव कशाला खराब?”

भाजीवाल्याशी घासाघीस करायलासुद्धा लाजणाऱ्या माझ्या आईनं तो कागद तिच्या हातातून हिसकावला.

“वन्सं, गप्प बसा!”

आणि सही केली. आत्या खरंच गप्प बसली.