नाक्यात सोडलेली गाठोडी

शहागडला गोदावरीच्या उतारावर करोडगिरीचा नाका होता. करोडगिरी म्हणजे निजामाचं जकातीचं खातं. नाका उठला, पण काळ्या दगडांची ती जुनी कमानदार इमारत तशीच रिकामी राहिली. आम्ही चार-पाच जणांनी तिथं वाचनालय काढायचं ठरवलं. तहसिलीतल्या पेशकारांनी आमच्या 'कुतुबखान्याला' एक महिन्याची मुदत दिली. तेवढ्यात वाचायला माणसं आली नाहीत, तर इमारत कापसाच्या व्यापाऱ्याला गोदामासाठी जाणार होती.

मी तेव्हा पत्रकं वाचून पेटलेला. माणसाच्या हाती छापील कागद पडला की तो ताठ उभा राहणार, याबद्दल मला शंकाच नव्हती. आम्ही भिंतींना चुना दिला, वर्तमानपत्रं मागवली. दारावर मी स्वतःच्या हातानं पाटी लिहिली: 'येथे फक्त वाचन करावे. खाण्यास सक्त मनाई.'

आठवड्याचे दोन बाजार कोरडे गेले. बाजारकरी नाका दिसला की वाट सोडून ओढ्यातून चिखल तुडवत जात. जन्माची सवय, ती चुन्यानं थोडीच जाणार?

तिसऱ्या बाजाराला तीर्थपुरीकडचा एक म्हातारा शेतकरी आत आला. मी हरखून वर्तमानपत्र पुढं केलं. त्यानं ते अलगद बाजूला सारलं, टेबलावर गाठोडं ठेवून गाठ सोडली आणि एकेक वस्तू मांडली. भाकरी, ठेचा, दोन कांदे, नातीसाठी घेतलेल्या बांगड्या. मग हात जोडून उभा राहिला.

"बघून घ्या, साहेब. लपवलेलं काही न्हाई."

नाका उठला, आता झडती नाही, हे मी परोपरीनं सांगितलं. त्याला पटेना. या दारातून झडती दिल्याशिवाय तो कधी बाहेर पडलाच नव्हता. शेवटी मी म्हटलं, "बाबा, गाठोडं सोडलंच आहे, तर जेवून घ्या." पाटी समोरच होती. नशीब, त्याला वाचता येत नव्हतं.

तो जेवेपर्यंत मी मोठ्यानं बातम्या वाचल्या. भाकरी संपली तरी तो उठेना. पुढं काय झालं, विचारत राहिला.

त्यानं बाजारभर काय सांगितलं कोण जाणे. मुदतीच्या शेवटच्या बाजाराला पेशकार आले, तेव्हा ओसरीपर्यंत माणसं बसली होती आणि प्रत्येकापुढं सोडलेलं गाठोडं होतं. पेशकारांनी पाटी वाचली, मग माझ्याकडं पाहिलं.

"हा कुतुबखाना आहे की बावर्चीखाना?"

जनतेच्या हक्कांवरचं भाषण मी पाठ करून ठेवलं होतं. माझ्या तोंडून शब्द फुटायच्या आत म्हातारा बोलला, "साहेब, हितं गाठोडं सोडायला तुम्हीच शिकवलं. आता सोडल्यावर बसून खाऊन राह्यलो, ऐकून राह्यलो. बराबर हाय ना?"

पेशकार मिशीत हसले. बाकावर बसत मला म्हणाले, "ती पाटी काढा. आणि वाचा पुढं."

इमारत आम्हाला मिळाली. काढलेल्या त्या पाटीवर पुढं कितीतरी बाजार कांदे फोडले गेले. भाषण मात्र तसंच राहून गेलं.