चिकाच्या बाटलीसाठी लाखांदूर

देवाजीकाकांची डुकरीण व्यायला झाली आहे, असा निरोप मिळाला आणि मी तडक बसस्टँड गाठला. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. नागपुरात पशुपोषण शिकत होते आणि डुकरिणीच्या चिकात, म्हणजे व्यायल्यावरच्या पहिल्या दुधात, कोणती अमिनो आम्लं किती असतात ते मला तपासायचं होतं. पिल्लाचं अंग याच आम्लांतून घडतं. पण चीक बघता बघता पातळ होत जातो, म्हणून एवढी घाई. काका माझ्या मैत्रिणीचे. लाखांदूरजवळच्या खेड्यात त्यांची धानाची शेती.

भंडाऱ्याला बस बदलली. कारध्याचा पूल ओलांडताना वैनगंगा उन्हात लखलखत होती. साकोलीनंतर रस्ता उखडलेला, पण दोन्हीकडे कापलेल्या धानाचे पुंजणे, म्हणजे रचलेले ढीग, पाहत खिडकीशी बसावं! मांडीवरच्या थर्मासमध्ये चहा आहे का, असं शेजारच्या बाईंनी विचारलं. डुकरिणीच्या दुधासाठी बर्फ आहे म्हटल्यावर त्या उतरेपर्यंत माझ्याकडेच बघत राहिल्या.

पोचले तेव्हा डुकरीण तणसावर, धानाच्या पेंढ्यावर, पडून होती आणि पिल्लं सडांशी झोंबत होती. आधी पिल्लांना पिऊ द्यायचं, मग बाटली भरायची, असं देवाजीकाकांच्या पत्नी सुमनकाकूंनी बजावलं. मी दम धरला. शेवटी पिवळसर, दाट चीक बाटलीत उतरला आणि मला नाचावंसं वाटलं.

तेवढ्यात काकूंनी एक मरतुकडं पिल्लू उचललं. त्याला सड धरवतच नव्हता. डुकरीणही आता उठून उभी राहिली होती, कुणाला जवळ येऊ देईना.

"थंड पडून राहिलं हे," काकू म्हणाल्या. "बाटलीतलं देता का याले?"

परतीची बस निघायची वेळ झाली होती. रोगाशी लढायचं बळ पिल्लाला चिकातूनच मिळतं, हे मी परीक्षेत लिहून आले होते. तरी हात बाटलीवर घट्ट आवळला गेला. मग मी झाकण उघडलं. पिल्लाला फडक्यात गुंडाळून चमच्याने थेंब थेंब पाजत बसले. अर्धी बाटली संपली. बसही गेली.

जेवायला गरम भात आणि लाखोळीच्या डाळीचं वरण होतं. तिकडे गेलात तर ते चुकवू नका, आणि परतीची बस आधी विचारून ठेवा.

सकाळी ते पिल्लू भावंडांना ढकलून सड धरत होतं. देवाजीकाका हसून म्हणाले, "आता थे कोणाले आयकत नाही." मुक्काम झाल्यामुळे दुसऱ्या दिवसाचं दूधही मिळालं. थंडीमुळे थर्मासमध्ये अजून बर्फ शिल्लक होता.

प्रयोगशाळेत दोन्ही दुधांतली आम्लं सुटी करून एकेक थेंब कागदावर टाकला. आम्लं रंगवणारा फवारा मारून कागद तापवला तसे जांभळे ठिपके उमटले: चिकाचे गडद, दुसऱ्या दिवसाचे फिके. ठिपका जितका गडद तितकी आम्लं जास्त. मी मोठ्यांदा ओरडले. घाईने परतले असते तर हा फरक दिसलाच नसता.

ते कागद पुढे कुठे गेले, ठाऊक नाही. पिल्लाने पहिला घोट घेतला तेव्हा त्याचा इवलासा गळा माझ्या बोटाखाली हलला होता. तो अजून जाणवतो.