नऊ नंबरचा जोड

माझ्या पायाचं माप नऊ आहे. एवढ्या एका गोष्टीमुळे सासुरवाडीत माझा जीव जायची वेळ आली होती.

बाकी अंगानं मी तेव्हाही काडी होतो आणि आजही आहे. पाय तेवढे वडिलांवर गेलेत. लग्न झालं तेव्हा मी कर्जतला एका वखारीत कारकून होतो आणि राहायला दहिवलीत. सासुरवाडी खालापूरच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी. तिथे माझ्या आधी एक जावई झाले होते, तेच नडलं. माझी बायको सुमन, तिच्या थोरल्या बहिणीचे यजमान गणपतराव, म्हणजे माझे साडू. ते पैलवान! त्यांना बसायला घोंगडी, मला पोतं. त्यांना वाढताना सासूबाई विचारायच्या, "पोट भरलं का?" आणि मला विचारायच्या, "झेपतंय न्हवं?"

लग्नानंतरची पहिली जत्रा आली. निघताना सुमननं बजावलं, "हे बघा, तिथं हसं करून घेऊ नका. आधीच गावात आबांना समदी चिडवत्यात, धाकटीला काय खरकट्यातलं भेटलं का म्हनून."

"मी काय करणार आहे तिथे? देवाला नमस्कार, भजी, आणि परत."

"तेवढंच करा."

मी तेवढंच केलं. देवाला नमस्कार करून बाहेर आलो तर चपला गायब! चैत्रातलं ऊन, खाली तापलेली फुफाट्याची वाट. नवा जावई चटके बसून टुणटुण उड्या मारत निघालाय, हे काही शोभेचं दृश्य नव्हतं. (शिवाय मी उड्या मारल्या की सगळ्यांचं लक्ष आधी पायांकडेच जातं.) इकडेतिकडे बघितलं, तर पटांगणाच्या कडेला एका मांडवात चपलांचा हा मोठा ढीग! शेजारी एक मिशाळ गृहस्थ बसलेले, समोर गेरूची वाटी. चपलांचं दुकान, दुसरं काय असणार?

"जोड मिळेल का?" मी विचारलं.

"मिळंल की! त्यासाठीच बसलोय. कुनाला, तुमाला?"

"मलाच. असा किती वेळ फिरू?"

"नंबर काढलेला हाय, का काढायचा हाय?"

"काढलेला आहे. नऊ."

मिशाळ गृहस्थांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "नऊ? पाव्हणं, अंगावरनं तर तीनबी वाटत नाय!"

"अंगाकडे काय बघता? पायांकडे बघा ना!"

त्यांनी पायांकडे पाहिलं आणि त्यांचा चेहराच बदलला. "आत्ता आलं ध्यानात! टांगंवाले तुमी!"

"टांगेवाला नाही हो, कारकून आहे. दहिवलीचा. इथले जावई आम्ही."

मी सासऱ्यांचं नाव सांगितलं. ते आणखीच अदबीनं बसले. "कसली दिऊ मग?"

"दणकट द्या. मागचा जोड दोन महिन्यांत फाटला. माझ्या पायाखाली काही टिकतच नाही!"

"फाडला?" त्यांच्या हातातली काडी गेरूत बुडालेलीच राहिली.

"पार मधोमध."

(चपलांचा जोड पुल्लिंगी आणि दुसरी एक जोड स्त्रीलिंगी, हे मी शाळेत शिकलो होतो. पण अनवाणी माणसाला व्याकरण सुचत नाही.)

"बरं, बसा सावलीत. भेटली की पुकारतो," असं म्हणून त्यांनी माझ्या दंडावर गेरूनं ठसठशीत नऊचा आकडा काढला. माप विसरू नये म्हणून गिऱ्हाइकाच्या अंगावरच लिहून ठेवणारा दुकानदार! मला त्या माणसाचं कौतुक वाटलं.

मांडवाबाहेर आलो आणि गर्दी दुभंगली. म्हणजे अक्षरशः! माणसं दंडाकडे बघत, एकमेकांना कोपरानं ढोसत आणि बाजूला होत. भजीवाल्यानं मला पुडा दिला आणि पैसे घेईना. एका म्हाताऱ्यानं माझ्या पोटरीला हात लावून तो हात आपल्या नातवाच्या डोक्यावरून फिरवला. समोरून गणपतराव आले. त्यांच्या दंडावर सहाचा आकडा होता. त्यांनी माझा नऊ पाहिला, तोंडातलं पान थुंकलं आणि म्हणाले, "तुमी?"

"मीच. तुम्हीही जोड घेताय का? सहा? एवढ्या मोठ्या देहाला सहा म्हणजे लहानच हो!"

गणपतरावांचा चेहरा उतरला. "मेहनत चालू हाय," ते खालच्या आवाजात म्हणाले.

पायाचं माप वाढवायला मेहनत करणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो. मी म्हणालो, "मला तर जन्मापासूनच मोठे. मेहनत काहीच नाही."

तेव्हा कुठे त्यांनी मला, मोठ्या मानानं खाली बसवून, सगळं उलगडून सांगितलं. मी घशातलं भजं न गिळता ऐकत होतो.

सुमनचे चुलते बाळूतात्या खोपोलीला एका कारखान्यात वजनकाट्यावर होते. आयुष्यभर ट्रक मोजल्यामुळे माणसंही मोजावीत असं त्यांना वाटू लागलं. पूर्वी जत्रेतल्या कुस्त्यांना जोड अंदाजानं लावत आणि मग मारामारी व्हायची. म्हणून तात्यांनी पैलवानांचे नंबर काढले. ताकदीचे वेगळे, दमाचे वेगळे, डावांचे वेगळे. सगळ्याची बेरीज मारून एक आकडा. रोज मारुतीला तेल घालणाऱ्याला अर्धा नंबर जास्त. (तो अर्धा मिळवण्यासाठी गावातली काही माणसं नुसतंच तेल घालायची आणि अडीचवरून तीन नंबरवर जायची. अशांना दोनवाला सहज लोळवायचा, पण तात्या म्हणायचे, पद्धत ती पद्धत.) लढत बरोबरीच्या नंबरात, फार तर एक वरखाली. त्या मांडवात कुस्त्यांच्या जोडी लावत होते; चपलांचा ढीग आखाड्यात उतरणाऱ्यांनी काढून ठेवलेला. आणि सगळ्यांत वरचा दहा नंबर तात्यांनी मारुतीसाठी राखून ठेवला होता.

"म्हणजे माणसांत…" मी विचारलं.

"नऊच शेवट," गणपतराव म्हणाले. "आपल्या गावात आजवर झालाच नाय. पळसदरीकडं एक हाय, बंडू. दोन वर्सं त्याला जोडच भेटत नव्हती. आज भेटली."

भजं खाली उतरलं, पण चुकीच्या वाटेनं.

मी ताडकन उठलो. मांडवात जायचं, सांगायचं की बाबा रे, मला चपला हव्या होत्या, आणि मोकळं व्हायचं! पण वाटेत सासरेबुवा आडवे आले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "जावयबापू, बोलला नाय कदी! वर्सभर लोकांचं ऐकून घेतलं मी. एका शब्दानं तरी सांगायचं!" त्यांच्या मागे सासूबाई दुधाचा तांब्या घेऊन उभ्या. आणि त्यांच्या मागे सुमन. नुसती माझ्याकडे बघत होती. लग्नाला वर्ष होत आलं होतं, पण तिनं माझ्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं. अगदी खरं सांगतो, त्या एका नजरेसाठी मी बंडूच काय, दहा नंबरवाल्याशीसुद्धा लढायला तयार झालो असतो. मी तांब्या तोंडाला लावला आणि गप्प बसलो.

आता एकच आशा होती, ती म्हणजे बाळूतात्या. स्वतः पद्धत काढणारा माणूस, एका नजरेत मला तीनवर आणेल! तात्या आले. त्यांनी माझा दंड दाबला, तो त्यांच्या दोन बोटांत मावला. छातीला कान लावला. मग बराच वेळ डोळे मिटून बेरीज केली.

"ताकद जवळजवळ नाय," ते म्हणाले.

"बरोबर!" मी म्हणालो.

"दमबी नाय."

"अगदी बरोबर, तात्या!"

"आन तरी नंबर नऊ." तात्यांनी डोळे उघडले. त्यांत मला आदर दिसला आणि माझी आशा संपली. "म्हंजे ह्यो समदा आकडा नुसत्या डावांचा! अरं, एवढं डाव तर वस्तादाला ठावं नसतील. ह्याच्यापास्नं जपा रं, ह्यो मानूस भयंकर हाय!"

ही बातमी आखाडाभर फिरून बंडूपर्यंत पोचली, तोवर तिला बरंच बाळसं आलं होतं. दहिवलीचा काडी पैलवान, पायाखाली कुणी टिकत नाही, मागच्या गड्याला मधोमध फाडला, आणि वर कारकून म्हणवतो!

मला गणपतरावांचा लंगोट देण्यात आला. तो सहा नंबरच्या देहाचा. मला त्याचे दोन वेढे जास्त बसले आणि तरीही तो माझ्यावर नाराज होता. एका हातानं तो धरून मी आखाड्यात उतरलो. हलगी कडाडली. समोर बंडू आला. आला म्हणजे, ऊन गेलं. मी रीतीप्रमाणे शड्डू ठोकला, तर डास मारल्याचा आवाज आला.

"बघा बघा!" गर्दीतून कुणीतरी म्हणालं. "ताकद राखून ठिवलीय!"

बंडू दोन पावलं पुढे आला. मी चार पावलं मागे गेलो.

"पायांचं काम बघा!" तात्या ओरडले.

बंडू थबकला आणि माझ्या पायांकडे बघू लागला. त्याच्या कपाळावर घाम होता! मी डावीकडे पळालो, तो उजवीकडे सरला. मी उजवीकडे पळालो, तो डावीकडे. तो माझ्या टांगेला घाबरत होता आणि मी त्याच्या सगळ्यालाच. असे आम्ही एकमेकांपासून सारखं अंतर ठेवून आखाड्याला प्रदक्षिणा घालत राहिलो. गर्दी श्वास रोखून होती. शेवटी मला राहवेना. मी हात जोडले आणि म्हणालो, "बंडूशेठ, चुकलो! मला जाऊ द्या!"

हलगीत त्याला शब्द ऐकू गेले नाहीत. जोडलेले हात तेवढे दिसले. तो झटकन मागे सरला. "ह्यो कुटला डाव?" तो पंचांकडे बघून ओरडला.

"नवीन असंल!" पंच म्हणाले.

मात्र हात जोडायला दोन्ही हात लागतात. लंगोट सुटला. म्हणजे पूर्ण नाही, पण त्याचा विचार पक्का झाला. बायका समोर देवळाच्या ओट्यावर, त्यांत सासूबाई! मी घाईघाईनं खाली वाकलो. बंडूला वाटलं, मी त्याच्या पायांत शिरतोय. घाबरून त्यानं नुसता पंजा पुढे केला. अंगावर आलेलं झुरळ झटकावं, तेवढाच. तो माझ्या कपाळाला लागला आणि मी चारी मुंड्या चीत!

आणि गंमत बघा, कुणीच ओरडलं नाही. बंडूसुद्धा जवळ येईना. तो लांबूनच म्हणाला, "उठा की, पैलवान."

"नको," मी म्हणालो.

"थांबा रं!" तात्यांनी हात वर केला. "कुनी जवळ जाऊ नका! डाव चालू हाय!"

मी लंगोट दोन्ही मुठींत धरून उताणा पडून होतो. वर घारी फिरत होत्या. पंच वाकून बघत होते. मी म्हणालो, "हरलो हो मी." पंच म्हणाले, "आसं बोलूनच फसवत आसतील." मी ओरडून सांगितलं, "मला चपला हव्या होत्या! माझं पायाचं माप नऊ आहे!" त्यावर बंडू आणखी दोन पावलं मागे गेला.

एवढ्यात ओट्यावरून सुमनचा आवाज आला. खणखणीत! "अवो पंच, काय डाव नाय न् काय नाय! ते खरंच पडल्यात! घरीबी आसंच पडत्यात, खाटंवरनं! हात द्या त्यांना कुनीतरी!"

बायकोच्या साक्षीपुढे कुणाचं काय चालणार? आधी बंडू हसला, आणि मग जे हसू उठलं ते थेट बोरघाटापर्यंत ऐकू गेलं असणार. सासरेबुवांनी डोक्यावरची टोपी तोंडावर ओढली. गणपतराव लंगोट परत मागायला आले, तो मी तिथल्या तिथे देऊ शकत नव्हतो.

संध्याकाळी बांधावरून घरी निघालो. सुमन पुढे, मी मागे. तिचे खांदे हलत होते. मला वाटलं रडतेय. मला फार वाईट वाटलं. एका दुपारपुरती का होईना, तिनं मान वर करून चालायची हौस भागवून घेतली होती. मी म्हणालो, "सुमन, हसं झालं गं."

ती वळली. हसून हसून तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. पदर तोंडात कोंबून ती म्हणाली, "अवो, मला पैलवान नवरा नकोच हुता! ताईला इचारा, दिवसभर भाकऱ्या थापून हात दुखत्यात तिचं." मग म्हणाली, "पर दोनपारी तुमी लई रुबाबदार दिसत हुता."

मी हरलो त्याचं मला त्यानंतर कधी काही वाटलं नाही.

वाटलं ते बाळूतात्यांना. त्यांची पद्धत खोटी पडली होती. महिनाभर त्यांना जेवण गोड लागलं नाही म्हणतात. ताकद, दम, डाव सगळं पुन्हा मांडून त्यांनी माझा नंबर काढायला घेतला, पण तो पद्धतीत बसेना; कारण तिथे मोजणी सुरूच एकापासून व्हायची, तान्ह्या पोराला रडण्याच्या दमाबद्दल एक होता. शेवटी ते खास दहिवलीला आले, चहा घेतला आणि गंभीरपणे म्हणाले, "जावयबापू, तुमच्यासाठी खाली एक नवीन घर काडलंय."

शून्याचा शोध भारतात लागला, असं शाळेत शिकवतात. खालापूर तालुक्यात तो माझ्या पाठीवर लागला, हे मात्र कुणी शिकवत नाही.