तिसरा कॉकही गळला

श्यामराव मुजुमदारांचा जन्म कोलकात्यातलाच. आजोबा नोकरीपायी इकडे आले आणि इथलेच होऊन गेले. आडनावामुळे त्यांच्या बेहाला भागातले अर्धे लोक त्यांना बंगालीच समजतात, आणि चौतीस वर्षं तिथल्या एका शाळेत पदार्थविज्ञान शिकवल्यामुळे सगळेच ‘मास्टरमशाय’ म्हणतात. लग्नाच्या आदल्या वर्षी, सत्याऐंशी साली घेतलेली शंभर सीसीची मोटारसायकल त्यांनी अजून चालती ठेवली आहे. जुन्या गाड्यांच्या हौशी लोकांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे, त्यात श्यामरावांचा शब्द शेवटचा.

मागच्या फेब्रुवारीत या गाडीचा पेट्रोल कॉक, म्हणजे टाकीखालची पेट्रोल सोडायची-बंद करायची ती छोटी चावी, झिजला. मूळ कंपनीचा मिळणं कधीच बंद झालंय. मिळतो तो नव्यानं बनवलेला, बदली. एस्प्लनेडच्या मागच्या गल्लीत नृपेनबाबूंचं सुट्या भागांचं दुकान आहे, तिथून श्यामरावांनी तो आणून बसवला. सकाळी गाडीखाली पेट्रोलचा डाग. बदलून आणला, पुन्हा डाग. नृपेनबाबूंनी एका शब्दानंही न विचारता तिसरा दिला. तोही गळला.

बदली कॉक भिकारच असतात, असं ग्रुपवर रोज कोणी ना कोणी लिहायचं. श्यामरावांनी तेच धरलं. भर दुपारी ते दुकानात शिरले आणि पाच-सहा गिऱ्हाइकांसमोर कॉक काउंटरवर आपटला.

“किती दिवस हा कचरा विकणार, नृपेनबाबू? उद्या कुणाची गाडी पेटली म्हणजे? सत्तरी आली, आता तरी लाज बाळगा!”

नृपेनबाबूंनी कॉक उचलला, उजेडात धरून फिरवून पाहिला आणि हळूच म्हणाले, “माफ करा, मास्टरमशाय.”

तेवढ्यानं श्यामरावांचं भागलं नाही. कॉक परत खिशात घालून ते बाहेर आले, दुकानाच्या पाटीचा फोटो काढला आणि ‘इथून काही घेऊ नका’ असं लिहून ग्रुपवर टाकला. घरी जाताना बसमध्ये त्यांना एखादं चांगलं काम केल्यासारखं वाटत होतं.

आठवड्यानं त्यांना वाटलं, कॉक नेमका कुठून गळतो त्याचा व्हिडिओ करून ग्रुपला दाखवावा. त्यांनी तोच तिसरा कॉक पुन्हा बसवला, सगळीकडून पुसून कोरडा केला, त्यावर खडूची पूड भुरभुरली आणि टाकीत पेट्रोल ओतलं. जिथून गळेल तिथली पूड आधी ओली होणार. मोबाइल हातात धरून ते खाली वाकून बसले.

चावी कोरडी. कॉक आणि टाकीमधला सांधा कोरडा. आणि मग कॉक टाकीला धरून ठेवणाऱ्या दोन स्क्रूंपैकी एकाच्या डोक्याभोवतीची पूड काळपट झाली. मोहरीएवढा ठिपका, बघता बघता वाटाण्याएवढा.

श्यामरावांनी व्हिडिओ बंद केला. या टाकीची स्क्रूची भोकं थेट आतपर्यंत जातात, हे त्यांना पंचवीस वर्षांपासून ठाऊक होतं. म्हणूनच स्क्रूच्या डोक्याखाली फायबरचा पातळ वॉशर लागतो, नाहीतर आट्यांवरून पेट्रोल झिरपतं. जुना कॉक काढताना ते दोन वॉशर त्यांनी मळ समजून स्वतःच्या हातानं केरात टाकले होते. तिन्ही कॉक धडधाकट होते.

फायबरचा तुकडा कापून त्यांनी नवे वॉशर केले. दुसऱ्या दिवशी गाडीखालची फरशी कोरडी ठणठणीत होती.

“अहो, व्हिडिओ टाकणार होतात ना?” शकुनताईंनी, त्यांच्या पत्नीनं, विचारलं.

“नीट आला नाही,” श्यामराव म्हणाले.

चार दिवस ते ग्रुप उघडायलाही धजले नाहीत. पाचव्या दिवशी चहाच्या वेळी मान खाली घालून त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

“तुम्ही ओरडलात तेव्हा दुकानात किती माणसं होती?”

“पाच-सहा असतील.”

“मग तितकी असतील तेव्हाच जा.”

पहिल्यांदा गेले तेव्हा दुकान रिकामं होतं. श्यामराव समोरच्या फुटपाथवरूनच परतले, आणि आपल्याला सुटल्यासारखं वाटतंय हे जाणवून बसमध्ये त्यांचे कान तापले. शनिवारी पुन्हा गेले. काउंटरपाशी गर्दी होती. ते सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले, “नृपेनबाबू, तुमच्या मालात काही खोट नव्हती. वॉशर मी फेकले. चूक माझी आणि शिव्या तुम्हाला.”

नृपेनबाबूंनी चष्मा काढला.

“कॉक खराब नव्हते? मग मी ते सगळे परत का पाठवले?”

“सगळे?”

“दिल्लीच्या व्यापाऱ्याला. त्याच्याशी भांडलोसुद्धा. तो म्हणाला, माल चांगला आहे. मी म्हटलं, आमचे मास्टरमशाय उगीच बोलायचे नाहीत. आता तो माझा फोन उचलत नाही.”

श्यामरावांना वाटलं, या माणसानं त्या दिवशी आपल्याला उलट चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. “मी त्यांना पत्र लिहितो,” ते म्हणाले.

“लिहा. हिंदीत लिहा, त्याला इंग्रजी येत नाही.”

श्यामरावांनी तिथंच काउंटरच्या कोपऱ्यावर पत्र लिहिलं. मग तो व्हिडिओ ग्रुपवर टाकला आणि खाली दुकानाच्या नावासकट माफी मागितली. संध्याकाळपर्यंत तिघांनी कळवलं की त्यांचेही वॉशर लावायचे राहिले होते. बाकीच्यांनी नुसती अंगठ्याची चिन्हं टाकली. एकानं लिहिलं, ‘सर, तुम्हीसुद्धा?’

व्यापाऱ्यानं महिन्याभरानं माल पुन्हा पाठवला. नृपेनबाबू पूर्वीसारखेच हसून बोलतात, बाहेरून चहा मागवतात. श्यामराव तो पितातही. पण कुणी गिऱ्हाईक एखादा भाग हातात घेऊन “मास्टरमशाय, हा कसा आहे हो?” असं विचारतं, आणि नृपेनबाबू हातातलं काम थांबवून तितक्याच विश्वासानं त्यांच्याकडे बघतात, तेव्हा श्यामरावांना त्या नजरेला नजर देता येत नाही.