भिडेचं मत

गल्ली तशी सरळमार्गी. पण एक खोड तिला पिढ्यान्‌पिढ्यांची, दारात आलेल्याला नाही म्हणायचं नाही. या पक्षाचे लोक आले, त्यांना हो. त्या पक्षाचे आले, त्यांनाही हो, वर पाणी. आणि मत कुणाला? तर जो सगळ्यात शेवटी आला आणि सगळ्यात केविलवाणा दिसला, त्याला. दर निवडणुकीला बाहेरचे शहाणे येऊन गल्लीचा कल कुणीकडे ते सांगायचे आणि तोंडघशी पडायचे. इथे कल नसतो, भीड असते, हे त्यांना कोण सांगणार?

या खोडीचा नमुना बघायचा तर कोपऱ्यावरच्या सलूनवाल्याकडे जावं. खुर्चीतलं गिऱ्हाईक म्हणालं, सरकार निकम्मं आहे, की हा म्हणणार, "बरोबर." पुढचं म्हणालं, असं सरकार पुन्हा होणे नाही, की "बरोबर." वस्तरा त्याच चालीने चालायचा. लोकांनी त्याचं नावच बरोबरराव पाडलं होतं, आणि त्यालाही त्याने हरकत घेतली नाही.

त्याची बायको गल्लीतल्या दवाखान्यात नर्स होती. सगळे तिला सिस्टर म्हणत. कामाला वाघीण, पण स्वतःसाठी काही मागायचं म्हटलं की जीभ टाळ्याला चिकटायची. वॉर्डाच्या मेंबरने तो दवाखाना बंद केला आणि जागा कुणाच्या तरी गोदामाला दिली. सिस्टरची नोकरी गेली. त्याहून वाईट म्हणजे अडलेल्या बाळंतिणीला आता पुलापलीकडे न्यावं लागायचं, आणि एकीला नेता नेता उशीर झाला. बाळ राहिलं, आई गेली. त्यानंतर बायकांनीच सिस्टरला मेंबरच्या विरुद्ध उभं केलं. ती दारोदार गेली तीसुद्धा "दवाखाना परत आणायचाय" एवढंच म्हणत. मला मत द्या, हे शब्द काही तिच्या तोंडून निघाले नाहीत.

बरोबररावाला मात्र ती निवडून यायला हवी होती, अगदी मनापासून. रोज सकाळी दवाखान्याच्या वेळेला ती उगाचच केस बांधून, तयार होऊन बसायची. ते त्याला बघवत नव्हतं.

आणि मतदानाच्या सकाळी मेंबर स्वतः येऊन त्याच्या खुर्चीत बसला. गालाला साबण लागला, वस्तरा गळ्याशी आला, तेव्हा म्हातारा डोळे मिटून बोलायला लागला. "सिस्टर येणार. सगळा वॉर्ड सांगतोय. मी मानलंय ते. पण या गल्लीतून मला एकही मत पडलं नाही, तर तोंड कुठे दाखवू? इतकी वर्षं तुमच्याकडे दाढी केली. एक मत टाका म्हाताऱ्याला. तिचं काय अडतंय?"

"बरोबर," बरोबरराव म्हणाला.

सवयीने म्हणाला, पण म्हटलेलं मोडणाऱ्यातला तो नव्हता. सगळी गल्ली तर तिलाच देणार, आपल्या एका मताने काय आभाळ कोसळतंय, असा हिशेब करून त्याने मेंबरच्या नावापुढचं बटण दाबलं. आता तुम्ही म्हणाल, काय हा माणूस. पण मेंबर आदल्या दिवशी घरोघर हेच गाऱ्हाणं गाऊन आला होता, आणि घरोघर लोकांनी हाच हिशेब केला होता.

मोजणीच्या दिवशी सिस्टर एका मताने पडली. फेरमोजणी झाली, तरी एकच. एक मत इकडचं तिकडे झालं असतं, तर ती मेंबर झाली असती.

संध्याकाळपर्यंत गल्ली हळहळून गेली. जो तो येऊन सांगत होता, आम्ही तर तुम्हालाच दिलं हो. बरोबररावाने सगळ्यांना पाणी दिलं आणि कुणाकडेही वर मान करून पाहिलं नाही. मंडळी गेल्यावर सिस्टर भिंतीला टेकून बसली.

"माझ्यामुळेच झालं," ती रडत म्हणाली. "आत गेले, माझंच नाव समोर. स्वतःलाच मत द्यायचं? लाज वाटली हो. दाबलं मेंबरांचं. आता परत कुणी अडली, तर ते माझ्या माथी."

आता गप्प बसायला काही हरकत नव्हती. खापर फुटायला डोकं आयतं मिळालं होतं, आणि तेही तिने आपणहून पुढे केलं होतं. बरोबररावाने हातातल्या टॉवेलाची घडी करून ठेवली.

"तुझ्या एकटीमुळे नाही," तो म्हणाला. "मीपण त्यांनाच दिलं. दाढीला आले होते. नाही म्हणवलं नाही."

ती रडायची थांबली. तिने त्याच्याकडे असं पाहिलं, की आयुष्यात पहिल्यांदा त्याला वाटलं, हिने आपल्याशी भांडावं, आणि कडाडून भांडावं.

"मी लाजले, ते माझं मला," ती शांतपणे म्हणाली. "तुम्ही मात्र जन्मभर गल्लीतल्या एकेकाची भीड राखलीत. माझी तेवढी कधी राखावीशी वाटली नाही ना तुम्हाला?"

बरोबर, हा शब्द त्याच्या ओठांवर आला होता. तो त्याने गिळला.