काकींना एकच इंग्रजी शब्द शिकायचा होता

गेल्या महिन्यात सालेकसा तालुक्यातल्या एका गावी गेले होते... मोठ्या माणसांसाठी सरकारी इंग्रजी वर्ग काढायचं प्लॅनिंग चाललंय. लोकांना नेमकं काय शिकायचंय ते विचारायला शिक्षण खात्यातल्या साहेबांसोबत मलाही पाठवलं होतं, कारण मी शाळेत इंग्रजी शिकवते.

ग्रामपंचायतीत बऱ्याच बाया जमल्या. कुणाला मोबाईलसाठी इंग्रजी हवं, कुणाला बँकेसाठी. हसतखेळत चाललं होतं सगळं.

मग मागे बसलेल्या शेवंताकाकी उठल्या. "मले एकच शब्द शिकाचा आहे. मॅलिग्नंट म्हंजे का?"

साहेब माझ्याकडे बघतायत, मी त्यांच्याकडे...

काकींना बाहेर व्हरांड्यात नेलं. हा शब्द कुठे ऐकला, विचारलं.

"नागपूरचा डॉक्टर पोराशी बोलून राहिला होता. पोरगा म्हने, साधी गाठ आहे माय. मंग गाडीत रडून काऊन राहिला होता?"

आणि साधीच गाठ आहे म्हणून, ऐन धानकापणीत इंजेक्शनं सुरू करायला नागपूरला जायला त्या तयारच नव्हत्या!

पण त्या शब्दाचा अर्थ मी कसा सांगणार? त्यांच्या मुलाला, दिनेशला, फोन लावून आई काय विचारतेय ते सांगितलं. तो शेतातून तसाच धावत आला. आईला म्हणाला, "माय, कॅन्सर आहे. पण इलाज होते." आणि ढसाढसा रडायला लागला.

काकी रडल्या नाहीत. "मले सांगाले का झालतं तुले?" म्हणाल्या. मग विचारलं, "नागपूरले कदी जाचा आहे?"

घरी येईपर्यंत तेच डोक्यात घोळत होतं. दुखणं त्यांचं, शरीर त्यांचं... आणि डॉक्टरच्या खोलीतल्या सगळ्यांना जे कळलं, ते फक्त त्यांनाच नाही?

काल काकींचा फोन आला. ट्रीटमेंट सुरू झालीय, थकवा फार येतो म्हणाल्या. मग एकदम आवाज चढला. "मॅडम, मी डॉक्टरले म्हटली, का सांगाचा आहे तर मलेच सांगा. तर मराठी येते ना जी त्याले! चांगली येते!"



वर्गांचा आराखडा अजून वरच अडकलाय. पण काकी त्या दिवशी उठून उभ्या राहिल्या, हे केवढं बरं झालं.